स्वभाव शांत

५ जानेवारी, रविवार

आज ती बाई येऊन गेली. बाई म्हणायचं ते रीत म्हणून. पंचवीस-सव्वीसची पोरगी आहे, चेतना नावाची, दत्तक देणाऱ्या संस्थेची कार्यकर्ती. स्कूटीवर आली, हेल्मेट सरळ आमच्या टीपॉयवर ठेवलं, चहा नको म्हणाली, मग प्यायली, आणि माझ्याच घरात बसून मला विचारते, "सर, तुम्ही स्वतःच्या स्वभावाबद्दल काय सांगाल?"

बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतोय. माझ्या स्वभावाबद्दल मला विचारायची आजवर कोणाची छाती झाली नाही. पण गरज आपली आहे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मूल नाही. गेल्या वर्षी नूतननं हट्टच धरला आणि आम्ही दत्तकासाठी नाव नोंदवलं. दोघांच्या वयांची बेरीज करून सरकारनं ठरवलंय की तान्हं मिळणार नाही, चार वर्षांपुढचं मिळेल. मिळेल की नाही, ते या पोरीच्या गृहभेटीच्या अहवालावर.

म्हणून सांगितलं. शिस्तीचा आहे, स्पष्ट आहे, शांत आहे. आम्ही तलाव बांधणारे कोहळी. पाणी अडवून धरायला जो धीर लागतो तो आमच्यात जन्मतःच असतो, हेही सांगितलं. तिला कोहळी म्हणजे काय तेच माहीत नसावं. नुसती मान हलवली.

"राग आला की काय करता?"

"मला राग येत नाही. मी बोलणं बंद करतो."

ती लिहिता लिहिता थांबली. "किती वेळ?"

"समोरच्याला चूक कळेपर्यंत."

यात एवढं लिहिण्यासारखं काय होतं कोण जाणे, पण बराच वेळ लिहीत होती. आमचे वडील हाताला येईल त्यानं मारायचे. मी आयुष्यात कोणावर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. तेही सांगितलं. ते मात्र तिनं एका ओळीत आटोपलं.

"मूल येणार म्हटल्यावर कशाची भीती वाटते का?"

"कशाचीच नाही."

नूतनला विचारलं तेव्हा मला खाली बघावं लागलं. बी.ए. झालेली बाई, कॉन्व्हेंटच्या नर्सरीत शिकवते, आणि म्हणते काय, "माझं काय सांगू? बरी आहे मी. गप्प स्वभावाची आहे." या वयापर्यंत स्वतःबद्दल दोन धड वाक्यं जमवता आली नाहीत.

निघताना पोरगी म्हणाली, हेच प्रश्न तुमच्याबद्दल बाकीच्यांनाही विचारणार. नूतनला एकटीला, शिवाय एक नातेवाईक, एक कामावरचा माणूस, एक शेजारी. "माणूस स्वतःबद्दल सांगतो ते एक, लोक सांगतात ते दुसरं. दोन्ही शेजारी ठेवून बघावं लागतं, सर."

एकाच द्रावणाचं माप चार अडाण्यांकडून घ्यायचं आणि त्यावर निष्कर्ष काढायचा, असलं हे शास्त्र.

८ जानेवारी

नावं दिली. नातेवाईक म्हणून सुखराम, माझा धाकटा भाऊ. नवेगाव बांध या आमच्या गावी शेती बघतो, बारावी नापास आहे, पण माझ्या शब्दाबाहेर नाही. कामावरचा म्हणून ईश्वरदास टेंभरे. फिजिक्स शिकवतो, म्हणजे तसं त्याला वाटतं. माझ्या मागे खुर्ची उचलून चालेल असा माणूस. शेजारी म्हणून मी पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त पोस्टमास्तरांचं नाव लिहिलं होतं. पोरीनं फोन करून सांगितलं, शेजारी मी निवडणार, भिंतीला भिंत लागून असलेला.

म्हणजे सुशीलाबाई. दिवसभर अंगणात खाट टाकून, गोंदियाच्या कडेच्या या आमच्या मुर्री गावातल्या रस्त्यावरची ये-जा बघत बसणारी म्हातारी. पोवारी, हिंदी, मराठी तिन्ही एकाच वाक्यात बोलते आणि तिन्हींत निंदा करते. मी चार वर्षांपासून तिच्याशी बोलत नाही. तिनं आमच्या कुंपणाच्या भिंतीवर गोवऱ्या थापल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी काढल्या, पण मुद्दा तो नाही.

१२ जानेवारी, रविवार

ईश्वरदासला चहाच्या टपरीवर बोलावून घेतलं. सांगायच्या आधीच म्हणतो, "सर, मेरे को बस बता दो क्या बोलना है. वही बोलूंगा." आणि मोबाइल काढून टाइप करायला बसला.

मी सांगत गेलो. शिस्तप्रिय. शांत. वक्तशीर. मुलांची आवड.

तो थांबला. "मुलांची आवड?"

मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. त्यानं टाइप केलं.

अशा माणसांच्या साक्षीवर माझं घर तोललं जाणार आहे. गोंदियात नोकरी करून माणसाची उंची कमी होते असं मी उगाच म्हणत नाही.

१९ जानेवारी, रविवार

नवेगावला जाऊन आलो. उन्हाळी धानाची रोवणी चालली आहे. सुखराम गुडघ्याएवढ्या चिखलातून बांधावर आला, हात धोतराला पुसले आणि उभा राहिला. त्याला म्हटलं, ती बाई येईल, नीट बोल, चांगलं बोल. "बोलतो ना दादा," म्हणाला. एवढंच. बैलाला सांगितलं असतं तर त्यानं जास्त विचारलं असतं.

घरी त्याची बायको पुष्पांजली चहा करत होती. त्यांची खुशी आता सहा वर्षांची झाली आहे. मी चॉकलेट आणलं होतं. हात पुढे करून म्हटलं, "ये इकडे." ती आईच्या मागे गेली.

"जा ना वो, मोठे बाबा होत ते," पुष्पांजली म्हणाली.

पोरीनं मान हलवली.

"काऊन? रागावते का तुले?"

"नाही," खुशी आईच्या पदरातून म्हणाली, "ते पाहते."

पुष्पांजली हसली, तिला हसणं आवरलं नाही. वळण लावलेलं नाही पोरीला, दुसरं काय. चॉकलेट टेबलावर ठेवून निघालो.

परतताना कोहमारा मागे पडल्यावर गाडीत एकटाच होतो, तेव्हा मोठ्यानं म्हणून पाहिलं, "ये बाळा, बस इथे." आवाज चुकीचा आला. परत म्हटलं. वर्गात एखाद्याला बाकावर बसायला सांगतात तसा आला. वाटेतलं गोरेगाव येईपर्यंत म्हणत होतो. एकदा जरा बरा जमला, पण तेव्हा समोर ट्रक होता आणि मी हॉर्न दाबून ठेवला होता.

हे कोणाला सांगायचं नाही म्हणून इथे लिहितो. ते मूल आलं, आणि माझ्याजवळ आलंच नाही तर? सगळ्या मुर्रीसमोर, सुखरामसमोर, नूतनला चिकटून राहिलं आणि माझ्याकडे बघून आत पळालं तर? चार-पाच वर्षांचं पोर शिकवून तयार करता येत नाही. त्याला काही पटवून देता येत नाही.

उगाच लिहिलं. प्रवासाचा थकवा आहे.

२३ जानेवारी

सुखरामचा फोन. "दादा, ते बाई येऊन गेली. मी चांगलंच सांगलो."

"काय सांगितलंस?"

"सांगलो का दादा शांत आहे. कोनासंग भांडत नाही."

"बरं. मग?"

"मग ते विचारली, तुमच्यासंग कदी बोलनं बंद केलन का? मी सांगलो, हो, केलन ना. मी माह्या लग्नाची तारीख तुमाले न विचारता धरलो, तवा दोन वर्स बोलले नाही."

"हे कायले सांगितलंस?" माझ्या तोंडून गावचं निघून गेलं.

"विचारली तर सांगलो. त्यात वाईट का आहे, दादा? तुमी मारले तं नाही. बाबा असते तं मारले असते."

मी फोन ठेवला. स्तुती करायलाही डोकं लागतं. ते चिखलात उभं राहून येत नाही.

२८ जानेवारी

बारावीची प्रात्यक्षिकं चालू आहेत. आज ती पोरगी कॉलेजात आली होती, मी लॅबमध्ये अडकलो होतो. ईश्वरदासनं स्टाफरूममध्ये एकट्यानं तोंड दिलं आणि नंतर छाती फुगवून आला.

"सर, फर्स्ट क्लास बोललो. जैसा आपने बताया, वैसाच. शिस्तप्रिय, शांत, सब."

"आणि?"

"मग मॅडम बोली, एखादा प्रसंग सांगा. मैं तो अटक गया. प्रसंग तर आपण ठरवलाच नव्हता ना. फिर मेरे को हर्षा याद आली."

हर्षा ही तीन वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. वर्गात उभी राहून म्हणाली होती, सर, फळ्यावरचं समीकरण संतुलित नाही. त्या दिवसानंतर मी हजेरीत तिचं नाव घेतलं नाही. ती रोज शेवटच्या नंबरानंतर उभी राहून "प्रेझेंट सर" म्हणायची आणि बसायची. परीक्षेपर्यंत म्हणत होती. रसायनात नव्वदच्या वर गुण पडले तिला, तेव्हा तिचं काही नुकसान झालं असं कोणी म्हणू नये.

"मैंने बोला, एवढी शिस्त, की एकदा सर नाराज झाले तर वर्षभर त्या मुलीकडे नजर नाही. ऐसा कंट्रोल किसके पास है?"

"ती काय म्हणाली?"

"पेन खाली ठेवलं. मग विचारलं, समीकरण खरंच चुकलं होतं का."

"तू काय सांगितलंस?"

ईश्वरदास खिडकीबाहेर बघायला लागला. "सर, अब झूठ तो... थोडंसं चुकलं होतं."

मूर्ख शत्रू परवडतो. हा तर माझ्या बाजूचा होता.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज नूतनची पाळी होती. पोरीनं मला बाहेर जायला सांगितलं. माझ्या घरातून मला. मी मुर्रीच्या शेवटच्या घरापर्यंत गेलो, तिथून पुढे शेतांच्या धुऱ्यावरून चाललो, आणि वेळ झाला असं वाटून परत आलो तरी त्या स्वयंपाकघरात बसलेल्याच. मला पाहून गप्प झाल्या. नूतनचे डोळे ओले होते.

पोरगी गेल्यावर विचारलं, "काय सांगितलंस?"

"चांगलंच सांगितलं."

"मग डोळ्यांत पाणी कशाला?"

"तिनं विचारलं, मूल आलं की पहिल्या दिवशी काय कराल. सांगता सांगता आलं पाणी."

ज्या बाईनं नवऱ्याबद्दल चांगलं सांगितलं ती रडत नाही. ती कशाला रडेल? एकोणीस वर्षं जिला काही कमी पडू दिलं नाही, तिनं एका परक्या पोरीसमोर बसून माझा काय पंचनामा केला असेल, हे कळायला फार अक्कल लागत नाही. मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं राहिलंच नव्हतं.

३ फेब्रुवारी

घरात शांतता आहे. पेपर तपासायला बरं पडतं.

८ फेब्रुवारी

नूतन रोज एकदा विचारते, "माझं काही चुकलं का?" ज्याचं चुकलेलं नसतं तो असं विचारत नाही. हाच पुरावा.

परवा तिला ताप होता. सुशीलाबाईला घेऊन डॉक्टरकडे जाऊन आली. मी तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि गोळ्या ठेवल्या, वेळेवर. बोलायची गरज पडली नाही. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर तेवढंही केलं नसतं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

१६ फेब्रुवारी, रविवार

चेतनाबाई दोघांना एकत्र बसवायला आल्या. आता बाईच म्हणतो, कारण आज तिनं मला वर्गात बसवल्यासारखं बसवलं. पाहुण्यांसमोर मी नूतनशी बोललो. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणणारा माणूस मी नाही.

"सर," ती म्हणाली, "तुमच्याबद्दल एक शब्द सगळ्यांनी वापरला. तुम्हीसुद्धा."

"शांत."

"हो. तुम्ही गुण म्हणून सांगितला. बाकीच्यांनी सांगितला तेव्हा मला प्रत्येकाला विचारावं लागलं, शांत म्हणजे काय."

"शांत म्हणजे शांत. आणि त्या शेजारणीनं काय ओकलं?"

नूतननं माझ्याकडे पाहिलं. बाई मात्र चिडली नाही. "त्यांनी वाईट काहीच सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, या घरातून भांडणाचा आवाज कधी आला नाही. कुकरचा येतो, भांड्यांचा येतो. माणसांचा येत नाही."

मी म्हटलं, भिंतीला कान लावून बसणाऱ्या बाईचा जबाब तुम्ही लिहून घेता, याचं मला आश्चर्य वाटतं. ती म्हणाली, "तुमचाही लिहून घेतला आहे, सर. प्रत्येकाला दिसतं ते वेगळं असतं. आता भीतीचंच बघा. तुम्ही म्हणालात कशाचीच वाटत नाही. बाकीच्यांनीही तेच सांगितलं, सर कशाला घाबरत नाहीत. पण ही गोष्ट बाहेरून दिसत नाही. ती ज्याची त्यालाच माहीत असते. मोठं मूल घरी येणार आणि भीती वाटत नाही, असा माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणून परत विचारते."

क्षणभर गाडीतलं आठवलं. नूतन माझ्याकडे बघत होती, आणि ती अशी बघत होती की काहीतरी सांगावंच असं वाटून गेलं. पण सव्वीस वर्षांच्या पोरीसमोर? उद्या ती कागदावर लिहिणार, अर्जदार घाबरट आहे.

"नाही वाटत," मी म्हटलं.

नूतननं चहाचे कप उचलले.

मग नूतनच्या शाळेचं निघालं. बाई तिथेही जाऊन आली होती. म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणालात मी गप्प स्वभावाची आहे. तुमच्या मुख्याध्यापिका म्हणतात, नूतन मॅडमचा वर्ग लांबून ऐकू येतो. पोरांना वाघाचा, कोंबड्याचा आवाज काढून दाखवतात म्हणे."

नूतनचा चेहरा लाल झाला. मी हसलो. कोंबड्याचा आवाज! मुख्याध्यापिकेनं नक्की दुसऱ्या कुठल्या बाईचं सांगितलं असणार. मी एकोणीस वर्षं जिच्यासोबत राहतो ती मला माहीत नाही आणि पगारपत्रकावर सह्या करणारीला माहीत आहे?

पाहुणी गेल्यावर परत बोलणं बंद करणार होतो, पण म्हटलं आता अहवाल येईपर्यंत असू दे. बोललो दोन-चार वाक्यं. तिनं उत्तरं दिली.

२७ फेब्रुवारी

अहवाल आला. अनुकूल!

खाली एक शेपूट जोडलं आहे, की मूल घरी येण्याआधी दोघांनी समुपदेशकाकडे तीन वेळा जावं. जाऊ. कोणीतरी पोरगाच असेल तिथेही, त्यालाही ऐकून घेऊ. मुद्दा हा की एवढ्या लोकांना विचारून, खोदून, शेजारपाजार पालथा घालून शेवटी काय सापडलं? काही नाही. मी जे पहिल्या दिवशी सांगितलं तेच.

येताना जिलेबी आणली. नूतनशी मोकळेपणानं बोललो, जे झालं ते मी मनातून काढून टाकलं असंही सांगितलं. माझ्या जागी दुसरा असता तर एवढं मोठं मन दाखवलं नसतं. ती म्हणाली, "ठेवा तिथे." आनंद झाला की तिला सुचत नाही.

समोरच्या खोलीतली पुस्तकं हलवायला लागतील. मुलाला खिडकी हवी.

२ मार्च, रविवार

पुढच्या टप्प्यासाठी संमतीपत्र आहे, दोघांच्या सह्या लागतात. मी माझी करून पेन तिच्यापुढे ठेवलं.

"मी सही करणार नाही," नूतन म्हणाली.

मला वाटलं, नीट ऐकलं नाही. "काय?"

"मी नाही करणार."

"तूच हट्ट धरला होतास. तुलाच मूल हवं होतं."

"हवंय म्हणूनच करणार नाही."

ती उभी होती, ओट्याला टेकून. आवाज चढलेला नव्हता. म्हणाली, "त्या बाईंना मी तुमच्याबद्दल सगळं चांगलं सांगितलं. म्हटलं, घरात हसणं-बोलणं असतं. मला काही झालं की विचारतात, जवळ बसतात. सुखरामभाऊजींचं, त्या हर्षाचं तिनं विचारलं, तर म्हटलं, बाहेर असतील तसे, घरी नाहीत. खोटं सांगितलं. वाटलं, मूल आलं की होईल खरं. म्हणूनच रडले त्या दिवशी. आणि त्याच दिवसापासून तुम्ही बोलणं बंद केलं."

मी काही म्हणणार होतो.

"थांबा. मी मोठी बाई आहे. तुम्ही बोलत नाही तेव्हा मी मागचा सगळा दिवस आठवून बघते, काय चुकलं. भाजीत मीठ, आईला केलेला फोन, काय. नाहीच सापडलं तर काहीतरी धरून माफी मागते. सवय झाली. पण ते पाच वर्षांचं असेल. आधीच एकदा कोणीतरी सोडून दिलेलं. त्याच्या हातून कपबशी फुटली आणि तुम्ही बोलायचे बंद झालात, तर त्याला कपबशी आठवणार नाही. त्याला वाटेल, आपल्याला परत सोडून दिलं."

"म्हणजे तू सरकारी कामात खोटं बोललीस," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो. बोलले."

आणि कुकर लावला.

एवढं सगळं बोलून झाल्यावर बाई कुकर लावते. यावरून समजावं काय ते.

४ मार्च

मी बोलणं बंद केलं आहे. कॉलेजात ईश्वरदासनं पेढे कधी म्हणून विचारलं. त्याच्याशीही.

६ मार्च

संस्थेच्या ऑफिसात जाऊन आलो. चेतनाबाईला म्हटलं, तुम्ही नूतनला समजवा. बायकांचं बायकांना कळतं. लिहून द्यायचं तर मी लिहून देतो.

ती म्हणाली, "दोघांची इच्छा असल्याशिवाय नाही होत, सर. मॅडम काल येऊन बोलून गेल्या."

"अहवाल तर तुम्हीच दिला आहे. अनुकूल."

"हो." तिनं समोरची फाइल मिटली. "बाकीच्यांचं ऐकून माझं मन होत नव्हतं. मॅडमनी इतकं भरभरून सांगितलं की मी म्हटलं, आतलं माणूस सांगतंय, तेच खरं असेल. तुमच्याबद्दल सगळ्यांत चांगलं कोणी सांगितलं असेल तर त्यांनीच. चूक माझी झाली. त्यांना मुलाची किती आस आहे, ते मी लक्षात घ्यायला हवं होतं."

निदान चूक कबूल केली. तेवढं तरी शिकवतात त्यांना.

पण जिना उतरताना तेच वाक्य कानात होतं. सगळ्यांत चांगलं नूतननं सांगितलं होतं. मी त्या दिवशी दारातून आत आलो तेव्हा ती डोळे पुसत होती आणि माझ्याबद्दल चांगलं सांगून झालं होतं. हे तिनं मला तेव्हाच स्पष्ट का सांगितलं नाही? "चांगलंच सांगितलं" म्हणाली, पण असं म्हणायची पद्धत असते का? माणसानं नीट पटवून द्यायला नको? मी काय मनकवडा आहे?

गाडीत बराच वेळ बसून होतो. चावी फिरवायचं लक्षात आलं नाही.

९ मार्च, रविवार

या खेपेला नूतननं अजून एकदाही विचारलं नाही, काय चुकलं म्हणून.

सकाळी आवरते, शाळेत जाते, येते. माझं ताट वेळेवर असतं. चेहरा रागाचा नाही. तो तसा असता तर मला कळलं असतं काय करायचं. आज दुपारी बाहेरून आलो तर सुशीलाबाई आमच्या अंगणात, नूतन पायरीवर, आणि दोघी हसत होत्या. नूतन हातानं पंख फडफडवल्यासारखं करून काहीतरी सांगत होती आणि म्हातारी म्हणत होती, "बस कर वो बाई, पेट दुखन लगा." मला पाहून म्हातारी उठली, गुडघ्यावर हात देत निघून गेली. नूतन आत गेली. एवढ्या मोठ्यानं हसण्यासारखं या मुर्रीत काय घडतं, देव जाणे.

मी विचार करून ठेवला होता. दोन वाक्यं जुळवली होती, एक भीतीबद्दल होतं. ती पोरगी म्हणाली म्हणून नाही. मलाच वाटलं, सांगून टाकावं. ऐकण्याची तिची लायकी आहे की नाही हे नंतर ठरवता आलं असतं. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती पाठमोरी होती, फोडणी देत होती. तिनं वळून पाहिलं नाही, आणि थांबलीही नाही. पूर्वी थांबायची.

"भाजी कसली आहे?" मी विचारलं.

"वांग्याची."

आधी मी बोललो, ती नाही, हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो. माझ्याकडून पुढाकार घेतला गेला होता.

तिनं ताट वाढलं, पाण्याचा पेला ठेवला, आणि उद्याच्या वर्गासाठी रंगीत कागद कापायला बसली. मी जेवायला बसलो. ती पुढे काहीतरी विचारेल म्हणून भात सावकाश खाल्ला.